बंब नवे आले, शिकवणार कोण?

सुरतेच्या तक्षशिला आर्केडला २४ मे २०१९ रोजी आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली मुले जीव वाचवायला खाली उड्या टाकत होती. ते दृश्य आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. २२ जण गेले, आणि त्यात बहुतेक विद्यार्थी होते. पुढे कित्येक दिवस गुजरातभर एकच प्रश्न विचारला जात होता: शिडी वेळेत का लागली नाही? प्रश्न रास्त होता. त्या प्रश्नाच्या रेट्याने शहरांनी खरेद्या केल्या, टेंडरे निघाली, नव्या गाड्यांपुढे नारळ फुटले. पण शिडीच्या पायथ्याशी उभे राहून "तू वर जा, तू पाणी थांबव, तू लोकांना मागे घे" हे तीन हुकूम योग्य क्रमाने देणारा माणूस कसा तयार होतो, हे तेव्हा कोणी विचारले नाही आणि आजही फारसे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. अग्निशमन दलातले नेतृत्व आगीच्या ठिकाणी एकाएकी अंगात येत नाही. ते स्टेशनच्या पटांगणात, रोजच्या कवायतीत घडते, आणि ते घडवण्याची जबाबदारी स्टेशन ऑफिसरची असते. त्या माणसाला आपण फायलींच्या टेबलाशी बांधून ठेवले आहे. त्याला तिथून सोडवून पुन्हा पटांगणात आणणे हे बडोद्यापुढचे, खरे तर गुजरातमधल्या प्रत्येक महापालिकेपुढचे, काम आहे. जवानांची नोकरीवरची आवड टिकणार की विझणार, हेही त्यावरच ठरते.

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी माणसाला फायर स्टेशन कुठे आहे हे सांगावे लागत नाही. शहराचे हे मुख्य केंद्र आपल्या वस्तीत आहे. वाड्यांमधून, पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांच्या वस्त्यांमधून, वाढलेल्या आमच्या पिढ्यांना बंबाची घंटा ओळखीची. पण बंब बाहेर पडताना पाहिला म्हणजे आतल्या माणसांचे काम कळते असे नाही. या दलाला आज नुसती आग विझवायची नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फूट गाठले, तेव्हा सोसायट्यांच्या जिन्यांपर्यंत बोटी याच लोकांनी नेल्या. त्याच वर्षी १८ जानेवारीला हरणी तलावात बोट उलटली, १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. पाण्यात उतरणाऱ्यांत हे जवान होते. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीच्या रिफायनरीत बेन्झीनची टाकी पेटली आणि दोघांचा जीव गेला. ९ जुलै २०२५ ला पादऱ्याजवळ महीसागरावरचा गंभीरा पूल तुटला, गाड्या नदीत कोसळल्या. पूर, तलाव, रसायन, पूल. दीड वर्षांत एका शहराच्या दलापुढे आलेली ही कामे आहेत आणि यातल्या प्रत्येकाचे शास्त्र वेगळे आहे. बेन्झीनच्या टाकीवर जे करायचे ते पाण्यात बुडालेल्या बोटीपाशी उपयोगाचे नाही. हे सगळे एका माणसाने शिकायचे, आणि तेही मधल्या वेळात.

शिकणे म्हणजे नेमके काय, हे जरा जवळून सांगतो. माझी बरीच नोकरी इथल्या एका रासायनिक कारखान्याच्या सेफ्टी विभागात झाली. आमच्या फायर क्रूला शिकवायला महापालिकेच्या दलातून निवृत्त झालेले एक साहेब येत. श्वसनयंत्राचा, म्हणजे बीए सेटचा, त्यांचा धडा मी कितीतरी वेळा पाहिला. सिलिंडर ६ लिटरचा, दाब ३०० बार, म्हणजे आत साधारण १८०० लिटर हवा. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले असते, ४५ मिनिटे. साहेब मुलांना मास्क चढवायला लावायचे, हाताचा तळवा लावून मास्क गालाला घट्ट बसला का ते प्रत्येकाकडून तपासून घ्यायचे, आणि मग खांद्यावर होजचे, म्हणजे पाण्याच्या नळीचे, भेंडोळे देऊन तीन मजले चढायला, उतरायला, परत चढायला सांगायचे. खाली वही घेऊन स्वतः उभे. हवा संपत आल्याचा इशारा देणारी यंत्राची शिट्टी साधारण ५५ बारला वाजते. कोणाची विसाव्या मिनिटाला वाजायची, कोणाची पंचविसाव्या. पुस्तकातली ४५ मिनिटे शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाची असतात. जिना चढणाऱ्या, घाबरलेल्या, अंगावर ओझे असलेल्या माणसाची हवा निम्म्या वेळात संपते, आणि प्रत्येकाची वेगवेगळ्या वेळी संपते. वहीत नावापुढे मिनिटे लिहून झाली की ते म्हणायचे, "शिट्टी वाजल्यावर निघायचं नसतं रे. शिट्टी वाजेल तेव्हा तू दाराबाहेर असायला हवास."

त्या वहीत नेतृत्व होते. धुराने भरलेल्या खोलीत दोन माणसे आत पाठवताना कोणाची हवा किती टिकते हे ज्याला ठाऊक आहे, तोच त्यांना वेळेवर परत बोलावू शकतो. ज्याने त्यांना जिन्यावर धापा टाकताना पाहिलेच नाही, तो बाहेर उभा राहून फक्त काळजी करू शकतो.

पाण्याचेही तसेच. सामान्य माणसाला वाटते, आग दिसली की पाणी मारायचे, जितके जास्त तितके चांगले. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती जवळपास १७०० पट जागा व्यापते. बंद खोलीत, छताखाली पाचशे-सहाशे अंश तापलेला धूर साठलेला असताना चुकीच्या कोनातून पाणी मारले, तर ती वाफ आत गेलेल्या जवानांनाच भाजून काढते. आजच्या घरांत फोमच्या गाद्या, सोफे, प्लास्टिक, सनमायका यांची रेलचेल. जुन्या लाकडी सामानापेक्षा हे सगळे फार लवकर पेटते, आणि खोलीतले सगळे एकदम भडकण्याचा क्षण काही मिनिटांवर येऊन ठेपतो. तो क्षण जवळ आला आहे हे धुराच्या रंगावरून, त्याच्या वेगावरून, दाराच्या फटीतून तो आत ओढला जातोय की बाहेर ढकलला जातोय यावरून ओळखावे लागते. हे वर्गात फळ्यावर सांगता येते. पण हाताला आणि डोळ्याला ते वळण लावायला कोणीतरी जाणता माणूस महिनोन्‌महिने शेजारी उभा राहावा लागतो.

बडोद्याला ही गोष्ट कळायला हवी, कारण ती या शहराच्या अंगात आहे. जुम्मादादांच्या नावाने प्रा. माणिकरावांनी उभ्या केलेल्या व्यायाम मंदिराने इथल्या कित्येक पिढ्या घडवल्या. आखाड्यात वस्ताद कचेरीत बसून पठ्ठे तयार करत नाही. तो मातीत उतरतो, पकड कुठे सुटली ते हाताने दाखवतो, आणि त्याच्याच भरवशावर पोरे पहाटे उठून येतात. वस्ताद येईनासा झाला की आधी शिस्त जाते, मग पोरे. फायर स्टेशनात याहून वेगळे काही होत नाही.

"या नोकरीचं वेड असावं लागतं," हे वाक्य दलातली जुनी माणसे नेहमी म्हणतात. खरे आहे. पण वेड जन्मजात असते, एक तर ते असते नाही तर नसते, या समजुतीशी मी अजिबात सहमत नाही. भरतीला आलेल्या पोरांकडे पाहा. धावण्याची चाचणी, दोरावर चढणे, पोहणे, सगळ्यासाठी त्यांनी जीव काढलेला असतो. पहिल्या वर्षी आवड सगळ्यांकडे असते. पुढे ते पोर काय करते? व्हीआयपी येणार म्हणून हेलिपॅडवर गाडी घेऊन तासन्‌तास थांबते. पावसाळ्यात पडलेली झाडे कापते, उत्तरायणात मांज्यात अडकलेली पाखरे तारेवरून उतरवते, गणपती विसर्जनाला कृत्रिम तलावावर पहाटेपर्यंत उभे राहते. यातले एकही काम हलके नाही. पाखरू वाचवणाऱ्या हाताला मी मानतोच. पण या कामांच्या मधल्या वेळात त्याला कोणी नवे काही शिकवले नाही, त्याची चूक कोणी दाखवली नाही, त्याची प्रगती कोणी वहीत लिहिली नाही, तर तीन वर्षांत त्याच्यासाठी ही आठ तासांची पाळी उरते. आवड मेली म्हणून आपण त्याला दोष देतो. मला दोष त्या वहीच्या नसण्यात दिसतो.

त्यात नोकरीची घडी. गुजरातेत वर्ग ३ च्या सरकारी नोकरीत सुरुवातीची ५ वर्षे ठरावीक पगारावर काढावी लागतात, आणि देशातल्या अनेक शहरांत अग्निशमनासारख्या कामालाही कंत्राटी माणसे घेतली जातात. कंत्राटावरचा मुलगा धाडसी नसतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. तो आत शिरतोच. पण ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याला शिकवण्यात कोणता अधिकारी दोन वर्षे घालवेल? आणि शिकलेला मुलगा जास्त पगारावर खासगी कंपनीच्या फायर विभागात गेला, तर त्याला कोणत्या तोंडाने थांबवायचे? आमच्या कारखान्यांनी महापालिकांच्या दलांतली अशी तयार माणसे घेतली, हे मी आतून पाहिले आहे. कारखान्यात त्यांना ठरलेल्या दिवशी ड्रिल मिळते, उपकरणे मिळतात, शिकवणारा मिळतो. शहराच्या दलात हे सगळे त्याहून जास्त मिळायला हवे, कारण कारखान्याला आपल्या कुंपणापुरती आग सांभाळायची असते, शहराच्या दलाला कुंपण नाही.

आता कागदाचे बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये २७ जण जळून गेले. त्या जागेला अग्निसुरक्षेची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, नव्हती. पुढच्या कारवाईत तिथल्या अग्निशमन दलाचे अधिकारीही अटकेत गेले. त्यानंतर राज्यभर तपासण्या, नोटिसा, सीलबंदी यांची लाट आली. शाळा, दवाखाने, हॉटेले, क्लासेस, उंच इमारती, सगळ्यांचे कागद तपासणारा माणूस तोच, जो कॉल आला की गाडीत बसून जायचा. चुकीच्या कागदावर सही झाली तर तुरुंग. कवायत चुकली तर त्याला कोणी विचारत नाही. अशा वेळी कोणताही शहाणा अधिकारी आपला दिवस कुठे घालवेल, हे सांगायला नको. मी त्याला दोष देत नाही. आपणच त्याला तसे वागायला भाग पाडले आहे.

म्हणून तपासणी आणि प्रमाणपत्रे यांची शाखा वेगळी करा. तिचे अधिकारी वेगळे, बढतीची वाट वेगळी, जबाबदारी वेगळी. यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे: इमारत पाहिल्याशिवाय आग कशी विझवणार? इमारत पाहायलाच हवी. पण सहीसाठी पाहणे आणि लढण्यासाठी पाहणे यांत फरक आहे. स्टेशन ऑफिसरने आपली अख्खी पाळी घेऊन मांडवीतल्या पोळांमध्ये जावे, बंब कुठपर्यंत शिरतो, होज कुठून ओढावा लागेल, लाकडी माड्यांच्या घरांना मागून जिना आहे का, हे जवानांना स्वतः मोजायला लावावे. दवाखान्यात आयसीयू कोणत्या मजल्यावर, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे, हे पाहावे. या भेटीनंतर कसलीही नोटीस द्यायची नाही, कसली सही करायची नाही. ती भेट निव्वळ शिकण्यासाठी असावी.

नेतृत्व म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे सर्वात पुढे धावणारा माणूस येतो. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, जुनी इमारत कोसळली, आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले: प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडी होता, हे वाचून तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राचा ऊर भरून आला होता, आणि तसा तो यायलाच हवा. त्या चौघांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांचे ऋण फेडायचे तर तो प्रसंग जुन्या लाकडी इमारती असलेल्या प्रत्येक शहरात मिनिटामिनिटाने शिकवला गेला पाहिजे. भिंतीने, तुळईने कोणते इशारे दिले असतील, आत किती जणांनी राहावे, बाहेर थांबून केवळ इमारतीकडे पाहत राहण्याचे काम कोणाचे, "सगळे बाहेर" हा हुकूम देण्याचा अधिकार कोणाला. आपली पोळे आणि वाडे त्याच जातीचे आहेत.

दर वर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जवान गेले. जहाजात कापूस होता, आणि सुमारे १४०० टन स्फोटके. आग दुपारी दिसली, स्फोट चारनंतर झाला. मधल्या वेळात जहाज तिथेच बुडवायचे की बाहेर समुद्रात न्यायचे, याचा निर्णय झाला नाही. जवान मात्र धक्क्यावर पाणी मारत राहिले. त्या दिवसाच्या भाषणांत शौर्य असते, बलिदान असते. वेळेत न झालेल्या निर्णयाचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे. माझ्या मते त्या दिवसाचा पहिला धडा तोच आहे.

अमेरिकेत १९९८ पासून एनआयओएसएच ही केंद्रीय संस्था कामावर मृत्यू पावलेल्या अग्निशमन जवानांच्या घटनांचा तपास करते. कोणाला शिक्षा करायची हे तिचे काम नाही. काय घडले, का घडले, पुढे काय करावे, एवढेच ती लिहिते आणि अहवाल सगळ्यांना खुला ठेवते. तिथल्या आकड्यांतून एक गोष्ट फार पूर्वी पुढे आली: कामावरच्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा सर्वात मोठा आहे. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या जवानाची तब्येत तपासणे, त्याला व्यायामाला वेळ देणे, हेही नेत्याचे काम. आपल्याकडे अशी खुली, दोष न चिकटवणारी चौकशी असती तर प्रत्येक स्टेशनच्या पटांगणात बोलायला विषय मिळाले असते. आज चौकशी म्हणजे निलंबन, आणि निलंबनाच्या भीतीने कोणी खरे बोलत नाही.

पैशाचे काय, असे कोणी विचारेल. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५००० कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये आणली. ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन महापालिकांच्या यादीत घातले, त्यामुळे रस्ते, गटारे, दिवे यांच्याशी त्याची रोजची झटापट असते हे मला मान्य आहे. पण शिकवण्याला जो खर्च येतो तो एका उंच शिडीपुढे किरकोळ आहे. त्याला पैशापेक्षा माणूस आणि वेळ लागतो. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात स्टेशन ऑफिसर आणि प्रशिक्षक हा एकच अभ्यासक्रम आहे. तो आखणाऱ्यांना ही दोन्ही कामे एकाच माणसाची वाटली होती. तिथून शिकून आलेल्या अधिकाऱ्याला आपण प्रशिक्षकाचे काम देतच नसू, तर निम्मे शिक्षण वाया घालवतो. आणि शहराबाहेर जरोदला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, सहावी बटालियन आहे. पुराच्या पाण्यात, ढिगाऱ्यात काम करण्याचा सराव ही माणसे सतत करतात. दर वर्षी बडोद्याच्या प्रत्येक पाळीतले काही जवान तिथे काही आठवडे राहून शिकले, आणि परतल्यावर आपल्या स्टेशनात तेच शिकवू लागले, तर यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक स्टेशनात एक असा अधिकारी, ज्याच्याकडे प्रमाणपत्रांचे काम नसेल. प्रत्येक जवानाच्या नावाची वही: बीए सेटची मिनिटे, होज टाकण्याचा वेळ, पोहणे, गाठी, शेवटची चूक आणि ती सुधारल्याची तारीख. अधिकाऱ्याच्या बढतीत त्या वहीचे वजन. लीडिंग फायरमनला, म्हणजे जवानांच्या छोट्या तुकडीच्या म्होरक्याला, आगीवर हुकूम देण्याचा सराव, कारण धुरात साहेब शेजारी नसतो, तोच असतो. आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षणाचे वेगळे शीर्षक, यंत्रखरेदीत न मिसळलेले. अंदाजपत्रक दर हिवाळ्याच्या शेवटी मांडले जाते, त्यावर चर्चा होते, आणि आपल्या १९ वॉर्डांतून निवडून गेलेले ७६ नगरसेवक तिथे बसलेले असतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या मराठी मंडळांनी या वर्षी आपल्या नगरसेवकाकडे रस्त्याच्या डांबरासोबत हा एक प्रश्नही न्यावा: आमच्या स्टेशनातल्या जवानांना गेल्या वर्षभरात कोणी, काय आणि किती दिवस शिकवले, ते सभागृहात विचारून आम्हाला लेखी आणून द्या.